पाव हिस्स्याची ऑर्डर

12 डिसेंबर 2023 ला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमधून 500 बेअरिंग हाऊसिंग (यंत्राचं बेअरिंग ज्यात बसतं ते भाग) आयशरमध्ये भरून निघाले. माल घेणारी कंपनी केंद्र सरकारच्या मालकीची होती. मालकाने आयुष्यात पहिल्यांदाच सरकारला काही विकलं होतं. गाडीपुढे नारळ फोडला, शॉपमधल्या सातही माणसांना पेढे वाटले. त्या मालाचे पैसे आले 8 एप्रिल 2024 ला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. मधले 118 दिवस आणि त्याआधीचे पाच महिने मी जवळून पाहिले, कारण त्या टेंडरचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून गेला होता.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बसते. छोट्या कारखानदारांची कागदपत्रं करणं हा माझा धंदा: उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंद), जीएसटी, बँकेचे प्रस्ताव आणि आता जास्त करून ई-टेंडर. सरकारी खरेदीत लहान, वंचित आणि मागे राहिलेल्या उद्योजकांना प्राधान्य असतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते प्रत्यक्षात कसं चालतं, कुठे उपयोगी पडतं आणि कुठे हात सोडून देतं, हे या एका प्रकरणात मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्याही परिपत्रकात दिसलं नव्हतं. मालकाला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून त्यांचं आणि कंपनीचं नाव देत नाही, रकमा जवळच्या आकड्यावर आणल्या आहेत.

माणूस शिरोळ तालुक्यातला. त्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, तिथल्या घराघरातून माणूस फौजेत गेलेला. यांनी लष्कराच्या ईएमई शाखेत, म्हणजे यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, 24 वर्षं काढली आणि नायब सुभेदार म्हणून परत आले. आम्ही सगळे त्यांना सुभेदारच म्हणतो. निवृत्तीचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून एक सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि एक रेडियल ड्रिल अशी मशीनं घेतली. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायचं, टर्निंग-बोअरिंग करून तयार जॉब द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे दोन पंप कंपन्या. हिशेब वहिनी बघतात. त्यांची लाल कापडी बांधणीची वही आहे, तिच्यात कुठला माल कुठल्या तारखेला गेला आणि पैसे कधी आले, हे एका ओळीत सापडतं. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर शॉपमध्ये आहे, पण भांडण झालं की उघडली जाते ती वही.

कुठलं दार कुणासाठी

जुलै 2023 मध्ये सुभेदार डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले. बसायच्या आधीच प्रश्न: "मॅडम, माजी सैनिकाला टेंडरात किती टक्के असतंय?"

मला त्यांना सांगावं लागलं की ते ज्या टेंडरबद्दल विचारत होते, तिथे शून्य.

केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या ज्या धोरणाने बांधलेल्या आहेत, तो 2012 चा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याखाली तो काढला गेला. सुरुवातीला वर्षभराच्या खरेदीपैकी 20 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची असं होतं, आणि 1 एप्रिल 2015 पासून ते बंधनकारक झालं. 1 एप्रिल 2019 पासून हा वाटा 25 टक्के झाला. त्या 25 मध्ये 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिला उद्योजकांसाठी. शिवाय 358 वस्तू अशा आहेत की त्या फक्त या लहान उद्योगांकडूनच घ्यायच्या. या आदेशात माजी सैनिक असा वेगळा गट नाही.

माजी सैनिकांसाठी जे आहे ते दुसऱ्या दारातून येतं. संरक्षण मंत्रालयाखालचं पुनर्वसन महासंचालनालय सुरक्षा एजन्सी, कोळसा वाहतूक, टोल नाके अशा कामांसाठी निवृत्त सैनिकांची नावं पुढे करतं. आपल्या राज्यात माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सरकारी कार्यालयांना सुरक्षारक्षक पुरवतं. या योजनांनी अनेकांची घरं उभी राहिली आणि त्यांचं मोल मी कमी करणार नाही. पण त्यांचा साचा पाहा: पहारा, वाहतूक, वसुली. फौजेतून परतलेला माणूस राखण करेल, असं त्यात गृहीत आहे. तो दोन शतांश मिलिमीटरच्या फरकाच्या आत बोअर (आतलं गोल भोक) काढेल, ही कल्पनाच त्यात नाही. सुभेदारांना हे फार लागलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे दारात उभा ऱ्हायलो असतो तर चाललं असतं."

त्यांच्या पुतण्याने त्यांना सांगितलं होतं की अमेरिकेत माजी सैनिकांच्या कंपन्यांना वेगळा वाटा असतो. ते खरं आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या खरेदीत छोट्या उद्योगांचं एकूण उद्दिष्ट 23 टक्के आहे, आणि सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या उद्योगांसाठीचं उद्दिष्ट पूर्वी 3 टक्के होतं, ते 2024 च्या आर्थिक वर्षापासून 5 टक्के झालं. तिथला माजी सैनिक कल्याण विभाग तर असा बांधलेला आहे की असे दोन लायक उद्योग बोली लावतील अशी वाजवी अपेक्षा असेल, तर टेंडर त्यांच्यातच ठेवायचं. वर्षाचं उद्दिष्ट पूर्ण झालं तरी हा नियम पाळावाच लागेल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये किंग्डमवेअर कंपनीच्या खटल्यात एकमताने सांगितलं. पण तिथेही 51 टक्के मालकी आणि कारभारावरचा खरा ताबा त्या सैनिकाकडे असावा लागतो, आणि 2023 पासून त्याचं प्रमाणपत्र लघु उद्योग प्रशासनाकडूनच घ्यावं लागतं.

आपल्याकडे असा गट असावा का? माझं मत आहे की असावा, निदान अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि वीरपत्नींसाठी, आणि तो वस्तू बनवणाऱ्यांनाही लागू असावा. पण मतावर टेंडर भरता येत नाही. सुभेदारांकडे दुसरा एक कागद होता आणि त्याची किंमत त्यांना माहीत नव्हती. त्यांचं उद्यम प्रमाणपत्र. सूक्ष्म उद्योग, काम: उत्पादन.

15 टक्क्यांचा अर्थ

टेंडर 2000 बेअरिंग हाऊसिंगचं होतं, अंदाजे किंमत 40 लाख. अटींमध्ये सरासरी उलाढाल 1 कोटी 20 लाख आणि अशाच मालाचा आधीचा पुरवठा मागितला होता. सुभेदारांची उलाढाल 85 लाखांच्या आसपास, सरकारी पुरवठा काहीच नाही. पण सूक्ष्म-लघु उद्योगांना गुणवत्तेच्या आणि तांत्रिक अटी पूर्ण करत असतील तर उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते, आणि या टेंडरमध्ये तसं लिहिलेलं होतं. बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत ठेवायची अनामत, 2 टक्के, म्हणजे 80 हजार, तीही माफ. सात माणसांच्या शॉपला 80 हजार दोन-तीन महिने अडकवून ठेवणं म्हणजे एका महिन्याच्या पगाराची ओढाताण असते. पहिला खरा उपयोग तिथे झाला.

उलाढालीची अट हा साधा मुद्दा नव्हे. टेंडर कोण भरू शकेल हे खरं तर तिथेच ठरतं. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं काम ठेकेदारांना न देता महिला बचत गटांना द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा आदेश होता. तरी आपल्या राज्याच्या 2016 च्या टेंडरमध्ये अटी अशा पडल्या की लहान गट बाहेरच राहिले. 26 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द केलं. गटांचं नाव धोरणात होतं, पण दाराची रुंदी अटींनी ठरवली होती.

कागद अपलोड करताना एक अडचण आली ती इथे सांगते, कारण ती पुष्कळांना येते. धोरणाचा लाभ व्यापाऱ्यांना नाही, फक्त बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. सुभेदार कास्टिंग विकत घेतात. तांत्रिक छाननीत प्रश्न आला: तुम्ही उत्पादक की व्यापारी? उत्तराला तीन दिवस. मी शॉपमध्ये गेले आणि एका जॉबचा सगळा प्रवास फोटोंसह मांडला. फाउंड्रीतून आलेलं 11 किलोचं खरबरीत, काळसर कास्टिंग. मग लेथवर पहिलं सेटिंग, दुसरं सेटिंग, बोअर. ड्रिलिंग, टॅपिंग, रंग. सोबत फाउंड्रीचं पत्र, मशीनची बिलं, कामगारांच्या पीएफचे चलान. सुभेदारांनी कास्टिंग आणि तयार जॉब शेजारी शेजारी ठेवला आणि बोअरमध्ये गेज घातला. काटा हलला नाही. "फोटोत हे दिसंल का?" त्यांनी विचारलं. फोटोत ते दिसत नव्हतं. पण उद्यम प्रमाणपत्रावर 2021 पासून उत्पादन ही नोंद होती, आणि बोली भरायच्या तारखेला ती असणं महत्त्वाचं होतं. आपण पात्र ठरलो.

आता दराची गोष्ट. 15 टक्क्यांबद्दल उद्यमनगरात जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कशाबद्दल नसेल. लोकांना वाटतं की लहान उद्योगाला 15 टक्के जादा दर मिळतो. असा जादा दर मिळत नाही. सर्वांत कमी दर देणारा, म्हणजे एल-वन, मोठा उद्योग असेल आणि तुमचा दर त्याच्यापासून 15 टक्क्यांच्या आत असेल, तर तुम्हाला विचारतात: त्याच्याच दरात द्याल का? हो म्हणालात तर टेंडरचा किमान 25 टक्के माल तुम्हाला देता येतो. असे एकाहून जास्त लहान उद्योग असले तर तो हिस्सा वाटून जातो.

इथे एल-वन एका मोठ्या कंपनीचा होता, नगाला 1,840 रुपये. सुभेदारांनी भरला होता 2,060. 1,840 च्या वर 15 टक्के म्हणजे 2,116, त्यामुळे ते आत होते. आणखी एक सांगलीचा लहान उद्योग आत होता, त्याने दर जुळवायला नकार दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या एकाही उद्योजकाने बोली भरलेली नव्हती. तसं झालं की त्यांचा 4 टक्क्यांचा वाटा इतर लहान उद्योगांकडे जातो. पाव हिस्सा, 500 नग, सुभेदारांच्या पुढ्यात आला.

त्या रिकाम्या 4 टक्क्यांबद्दल मला इथे थांबून बोलायचं आहे. हे कोल्हापूर आहे. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी इंग्लंडमध्ये असताना आदेश काढून संस्थानच्या रिकाम्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तो आदेश सगळ्यांना ठाऊक असतो. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट मला त्याच्या बरोबरीची वाटते. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं. पण त्याच्या हातचा चहा गावात कोण पिणार? मग महाराज स्वतःच त्याच्याकडे चहा घ्यायला जायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. भांडवल मिळालं तरी गिऱ्हाईक मिळत नाही, हे त्या राजाला कळलं होतं, म्हणून तो स्वतः गिऱ्हाईक झाला. सरकारी खरेदीतल्या प्राधान्याचा अर्थ मला त्या चहाच्या कपात सापडतो. आणि म्हणूनच त्याच शहराजवळच्या टेंडरमध्ये 4 टक्क्यांच्या रकान्यात एकही नाव नसणं मला टोचतं. फाउंड्री आणि मशीन शॉप काढायला प्लॉट लागतो, तारण लागतं, पहिली दोन गिऱ्हाइकं ओळखीतून लागतात. टेंडरचा वाटा यातलं काहीच देत नाही. त्याच्याआधीच्या पायऱ्या रिकाम्या असतील तर शेवटच्या पायरीवर पाट मांडून कोण येणार?

दोन सल्ले

पात्र ठरल्यावर सुभेदारांना बाहेरून दोन सल्ले मिळाले. पहिला एका व्यापाऱ्याचा होता. तुमचा उद्यम नंबर वापरू द्या, पुढची सगळी टेंडरं आम्ही भरतो, माल आम्ही आणतो, तुम्हाला घरबसल्या 2 टक्के. सोबत म्हणाला, माजी सैनिक म्हटलं की वजन पडतं. सुभेदारांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. माझ्याशी बोलताना एवढंच म्हणाले की फौजेत नकली हजेरी लावणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे. नावापुरता मालक ही या प्राधान्यांना लागलेली जुनी कीड आहे. आपल्याकडे छोट्या बांधकामांची वाटणी सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार अशा गटांत होते, तिथेही नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं असे प्रकार मी माझ्या टेबलावर पाहिलेत. त्यात ज्याच्यासाठी वाटा ठेवला तो दर वर्षी दोन टक्क्यांवर तिथेच राहतो, आणि त्याच्या नावावर दुसऱ्याची मशीनं वाढतात.

दुसरा सल्ला भल्या माणसाचा होता आणि म्हणून जास्त अवघड. शॉप वहिनींच्या नावावर करा, महिलांचा 3 टक्के आहे. कायद्याने महिला उद्योग ठरायला एकल मालकीत मालक स्त्री हवी, भागीदारीत किंवा खाजगी कंपनीत तिचा 51 टक्के वाटा हवा. सुभेदारांचं मन वळत होतं. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की वहिनी खरोखर शॉप चालवणार असतील, बँकेत सही त्यांची, ऑर्डर घ्यायची की नाही हा निर्णय त्यांचा, तर जरूर करा, मी आनंदाने कागद करीन. शिवाय हेही सांगितलं की 3 टक्के हे घेणाऱ्या कंपनीचं वर्षाचं उद्दिष्ट आहे, त्याने या टेंडरचा दर बदलणार नाही.

वहिनींनी वही मिटली. "ताई, पैसे कुणाकडं किती अडकलेत ते मला विचारा. लेथवरचं मला काय कळतंय? ज्यातलं कळत न्हाई त्यावर सही करायला मला लावू नका." विषय तिथे संपला.

त्यांनी नाही म्हटलं याचा मला त्या वेळी थोडा हिरमोड झाला होता, कारण कामगार, पगार, वसुली हे सगळं तीच बाई सांभाळते आणि ते शॉप चालवणंच आहे. बायका स्वतःच्या कामाला काम म्हणत नाहीत, हे मी रोज पाहते. पण खोटी सही न करण्याचा त्यांचा निर्णय त्यांचा होता आणि तो बरोबर होता.

118 दिवस

सुभेदारांनी दर जुळवला. त्याचा हिशेब आम्ही तिघांनी वहिनींच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. एका नगाला 11 किलो कास्टिंग, 95 रुपयांनी 1,045. मशीनिंग, पगार आणि वीज धरून 420. ड्रिलिंग, रंग, पॅकिंग 130. वाहतूक 90. तपासणी आणि कागद 40. एकूण 1,725. विक्री 1,840. नगामागे 115 रुपये, 500 नगांवर 57,500. सुभेदारांनी स्वतःचा पगार यात धरलेला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, पहिली ऑर्डर आहे, नाव लागू दे.

बयाणा माफ असला तरी सुरक्षा ठेव माफ नसते. या ऑर्डरवर 5 टक्के, म्हणजे 46 हजारांची बँक गॅरंटी द्यावी लागली. मग काम सुरू झालं आणि बोअर काढताना काही कास्टिंगमध्ये ब्लो होल उघडे पडले. बाहेरून कास्टिंग ठणठणीत दिसतं, आणि आतली हवेची पोकळी मशीनिंग झाल्यावरच दिसते. 23 नग सुभेदारांनी स्वतः बाजूला काढले. फोरमनने दोन-तीन बारीक भोकं भरून रंग मारू का विचारलं, तर ते सगळे नग त्यांनी स्वतः उचलून भंगाराच्या कोपऱ्यात टाकले. फाउंड्रीने कास्टिंग बदलून दिलं, पण त्या 23 नगांवरचं 9,660 रुपयांचं मशीनिंग गेलं ते गेलंच.

माल 12 डिसेंबरला पोचला. कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. माल मिळाल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याच्या तारखेलाच तो स्वीकारला असं धरायचं. हरकत आली नव्हती. 45 वा दिवस होता 26 जानेवारी. सुभेदार गावच्या शाळेत झेंडावंदनाला गेले होते, तिथून मला फोन केला. "आज डेट हाय न्हवं?" मी म्हटलं, सुट्टी आहे, दोन दिवस थांबू.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. कंपनीचं म्हणणं होतं की त्यांची तपासणीची नोंद 19 जानेवारीला झाली, मुदत तिथून सुरू. मग बिल एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलं. मग मार्च अखेर. बिलं लवकर वटवून घ्यायला ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था आहे आणि त्या कंपनीची तिथे नोंदही होती. पण घेणाऱ्याने तिथे बिल स्वीकारल्याशिवाय बँक पैसे देत नाही, आणि आमचं बिल स्वीकारायला कुणी तयार नव्हतं. इकडे 10,85,600 च्या बिलावरचा जीएसटी भरायचा होताच. कास्टिंगचं क्रेडिट वजा जाऊन सुमारे 70 हजार, न मिळालेल्या पैशांवर. फाउंड्रीवाल्याने महिनाभर थांबून मग रोज फोन सुरू केला. त्याचं चूक नव्हतं, त्याच्याकडेही भट्टीचं वीजबिल होतं. फेब्रुवारीत वहिनींनी भिशी मुदतीआधी उचलली आणि कामगारांचे पगार केले.

पैसे आल्यावर त्याच मागच्या पानावर उरलेला हिशेब लिहिला. 8,62,500 रुपये 118 दिवस अडकले, ओव्हरड्राफ्टचं व्याज 11 टक्क्यांनी 30,672. ब्लो होलचे 9,660. 57,500 मधून उरले 17,168. पाच महिन्यांची धडपड, 500 नग, आणि हाती 17 हजार.

याच्यासमोर दुसरा आकडा ठेवते. उशिरा पैसे देणाऱ्याने बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढीने, द्यायचं असं कायदा सांगतो. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा बँक दर 6.75 टक्के होता, तिप्पट म्हणजे 20.25. 73 दिवसांच्या उशिराचे सुमारे 44 हजार होतात. म्हणजे सुभेदारांनी मिळवलेल्या नफ्याच्या अडीच पट रक्कम त्यांना कायद्याने देणं होती आणि ती त्यांनी मागितली नाही. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी समाधान पोर्टलवर अर्ज करा, त्यांचा निवाडा करणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. "पहिल्याच ऑर्डरीला केस टाकली तर दुसरी कोण देणार?" या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. घेणारा एकच आणि विकणारे पन्नास असतात, तेव्हा हक्क कागदावर असला तरी तो मागायची किंमत विकणाऱ्यालाच मोजावी लागते. व्याज आपोआप बिलात जमा व्हायला हवं, मागायची वेळच येऊ नये. धोरण आखणाऱ्यांनी 25 टक्क्यांचे 30 करण्याआधी हे करावं असं मला मनापासून वाटतं. लहान माणसाला दारातून आत घेऊन ओसरीवर 118 दिवस बसवून ठेवलं, तर पुढच्या वेळी तो यायचाच नाही. सांगलीच्या त्या उद्योजकाने दर जुळवायला नकार का दिला असेल, हे मला आता कळतं.

पुढचं टेंडर

मला वाटलं होतं सुभेदारही येणार नाहीत. ते जूनमध्ये आले. दुसऱ्या एका सरकारी कंपनीचं टेंडर होतं, असाच जॉब, नग कमी. या वेळी आम्ही काही गोष्टी आधी केल्या. दर भरतानाच 90 दिवसांचं व्याज किमतीत धरलं आणि एल-वन कुठवर खाली गेला तर दर जुळवायचा नाही, तो आकडा वहिनींनी वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली. सुभेदारांचा पगार या वेळी खर्चात होता. फाउंड्रीशी बोलून ब्लो होल निघाल्यास अर्ध्या मशीनिंगचा खर्च त्यांनी सोसायचा असं पत्रावर घेतलं. ऑर्डर आल्याबरोबर, माल जायच्या आधी, घेणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटून ट्रेड्सवर बिल कोण स्वीकारणार त्या माणसाचं पद विचारून घेतलं. ते अधिकारी नीट बोलले आणि तसं कळवलंही. दर जुळला, चौकटीच्या वर. माल गेला.

आणि वहीत एक नवा रकाना आला. माल पोचल्याची तारीख, त्याच्या शेजारी 15 वा दिवस, त्याच्या शेजारी 45 वा, लाल शाईने. 46 व्या दिवशी पैसे आले नसतील तर काय लिहायचं त्याचा मसुदा मी आधीच करून दिला होता. धमकी नाही, फक्त तारखा, बिल नंबर आणि कायद्याचं कलम.

46 वा दिवस उजाडला तेव्हा पैसे आलेले नव्हते. सुभेदार पत्र हातात घेऊन बराच वेळ बसले. जुनी भीती तशीच होती. वहिनी शॉपमधून हात पुसत आल्या, पत्र वाचलं, वहीशी तारखा जुळवून पाहिल्या. आधीच अधिकारपत्र करून त्यांना फर्मच्या वतीने पत्रव्यवहार करायचा अधिकार दिलेला होता, पण तो त्यांनी कधी वापरला नव्हता.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. "यातलं मला कळतंय."